मोठ्या शिडाची दोरी

काट्याचं टोक गाठीत खुपसून तिने ती सैल केली, मग नखांनी सोडवली आणि दोरी सरळ करून खुंटीला अडकवली. शेजारच्या दोरीच्या टोकाशी दोन गाठी होत्या, पलीकडच्या दोरीला तीन. सगळ्या दोऱ्या एकाच गुंडाळीतून कापलेल्या, पांढऱ्याशुभ्र, आणि त्यांना हा गबाळेपणा. घड्याळात धुळीचा कण न खपणारा माणूस असल्या गाठी ठेवतो म्हणजे कमाल आहे, असं पुटपुटत तिने पुढची दोरी मांडीवर ओढली.

खरं तर ती गाठी सोडवायला होडीत चढलीच नव्हती. नवरा बाहेर गेलाय तेवढ्यात तिला झडती घ्यायची होती. भरून ठेवलेली बॅग, एखादा नकाशा, काहीतरी. काहीच सापडलं नाही. मग कोणी पाहिलंच तर आवराआवर करत होते असं सांगता यावं, म्हणून तिने स्वयंपाकघरातून काटा आणून हे काम काढलं.

नवऱ्याला सगळे घड्याळजी म्हणत. वर्षापूर्वी त्यांनी दुकान बंद केलं. आता कोण घड्याळं दुरुस्त करून घेतंय, म्हणाले, आणि डोळ्याला लावायचं भिंग तिच्या बहिणीच्या नातवाला खेळायला देऊन टाकलं. मग ही जुनी शिडाची होडी परसात येऊन बसली. कुजक्या फळ्या निघाल्या, नव्या बसल्या, फटी बुजल्या. तिथवर तिला काही वावगं वाटलं नव्हतं. पण कोरड्या परसात उभा राहून माणूस दिवसभर शीड चढवतो नि उतरवतो, आणि बायकोने शिडीवर पाय ठेवला की गप्प होतो, तेव्हा कुठेतरी पाणी मुरतंय हे कळायला फार अक्कल लागत नाही.

"मी धरू का एक टोक?" तिने एकदा विचारलं होतं.

"नको. एकट्याला जमलं पाहिजे."

बहिणीला हे सांगितलं तर ती खिदळली. "ताई, भावजींवर लक्ष ठेव हो. एकट्याने कुठे निघालेत ते विचार तरी."

तिला हसू आलं नाही, कारण तिने त्यांचं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. "नाही, तिला अजून सांगितलेलं नाही," घड्याळजी हळू आवाजात म्हणत होते. "उन्हाळ्यापर्यंत तरी निभेल ना?" दारात चाहूल लागताच त्यांनी फोन ठेवला.

"कोण होतं?"

"वार्निशवाला."

वार्निशवाल्याबरोबर मिळून बायकोपासून लपवण्यासारखं काय असतं? तिने पुन्हा विचारून पाहिलं, पण ते ताकास तूर लागू देईनात. एवढा संसार झाल्यावर हा माणूस आपल्याला टाकून जाईल ही कल्पना तिची तिलाच हास्यास्पद वाटे, आणि तरी तिला भीती वाटत होती.

फाटक वाजलं तशी ती घाईने उतरली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली.

घड्याळजींनी वार्निशचा डबा खाली ठेवला. शिडी चाचपून वर गेले, खुंटीवरची दोरी सोडली, आणि शिडाची आडवी काठी धाडकन खाली आली. त्यांच्या खांद्याला चाटून गेली. आता हाक येणार, बोलणी बसणार, म्हणून तिने श्वास रोखला.

ते ओरडले नाहीत. त्यांनी दोरी चिमटीत धरली आणि बोटं हळूहळू टोकापर्यंत नेली. थांबले. दुसरी घेतली, मग तिसरी. पुन्हा पहिली. भर दुपारचं ऊन होतं, आणि त्यांची मान कुंपणाकडे वळलेली होती. दोऱ्यांकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

तिला टेबलावरची वर्तमानपत्रं आठवली, घडीही न मोडलेली. कप रोज त्याच जागी ठेवत जा, म्हणून होणारी चिडचिड आठवली. नातवाला दिलेलं भिंग आठवलं. गेलं वर्षभर तिने हे सगळं पुराव्यासारखं जमवलं होतं, फक्त खटला भलताच होता. आधी तिला संताप आला, की एवढी मोठी गोष्ट यांनी माझ्यापासून लपवली. मग हातात अजून काटाच आहे हे दिसलं आणि तिला स्वतःची लाज वाटली.

ती परसात जाऊन शिडी चढली. या वेळी ते नुसते गप्प झाले नाहीत.

"गाठी तू सोडवल्यास?"

"हो."

"का?"

"वाईट दिसत होत्या."

त्यांनी मान हलवली. तिच्या ओठांवर खूप काही आलं होतं. कधीपासून, डॉक्टर काय म्हणाले, मला का नाही सांगितलं. ते सगळं गिळून ती त्यांच्याशेजारी फळीवर बसली आणि एक दोरी हातात घेतली.

"कुठल्या दोरीला किती होत्या?"

ते अंगठा तळहातावर घासत राहिले.

"तुझ्या हातातली वर कुठे गेलीय? डोलकाठीच्या टोकाला?"

तिने उन्हात डोळे बारीक करून वर पाहिलं. "हो. अगदी टोकाला."

"मग ती मोठ्या शिडाची. एक."

तिने गाठ मारली, दातांनी ओढून घट्ट केली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोटांनी नीट तपासली, घड्याळ तपासावं तशी.

"आणि ही दुसरी?" तिने विचारलं.

"तू बघ," ते म्हणाले, "आणि मला सांग."