पूर्णिमाताईंचा कीबोर्ड

मित्रांनो, हडपसरच्या एका आयटी कंपनीच्या सामानखोलीत, गुंडाळलेल्या वायरींच्या शेजारी आता माझा मुक्काम आहे. मी एक जुना कीबोर्ड आहे. माझी अक्षरे पुसून गेली आहेत. त्याचे मला दुःख नाही, कारण ज्यांनी मला सर्वांत जास्त वापरले त्यांना ती कधी लागलीच नाहीत.

कारखान्यात मी घडलो, तेव्हा माझ्या दोन कळांवर बारीक उंचवटे ठेवले गेले. ते कशासाठी हे मला पूर्णिमाताईंमुळे कळले. यवतमाळहून पुण्याला शिकायला आलेल्या ताई इथेच नोकरीला लागल्या होत्या. त्यांना जन्मापासून दिसत नव्हते. बोटे उंचवट्यांवर टेकली की साऱ्या कळा त्यांना आपोआप सापडत. पडद्यावरचा मजकूर संगणक हेडफोनमधून वाचून दाखवी. माउसला त्या हातही लावत नसत. मला त्याचा जरा गर्वच होता!

कंपनीने एका प्रवेशपरीक्षेची वेबसाइट बनवली होती आणि मदतीचा फोन ताईंकडे होता. एकदा त्यांनी ती वेबसाइट उघडली. त्या कळ दाबत पुढे जात होत्या आणि हेडफोनमधून ऐकू येत होते, "बटन... बटन... चित्र... बटन." कोणते बटन कशाचे, हे मात्र तो आवाज सांगेना.

ताईंनी टीमचे प्रमुख दिग्विजय सर यांना बोलावले.

"काळजी करू नका, पूर्णिमा," सर म्हणाले. "अंध मुलांसाठी आपण वेगळी, सिंपल साइट करून टाकू."

"वेगळी नको, सर. हीच नीट करा. वेगळ्या साइटकडे चार दिवसांनी कुणी फिरकणार नाही."

"अहो, डेडलाइन आहे."

"ती अंध मुलांनाही असते, सर."

सर हसले. वेगळी साइट झालीच.

परीक्षेच्या सकाळी ताईंचा फोन वाजला. रविराज नावाचा अंध मुलगा बोलत होता. स्वारगेटजवळच्या केंद्रावर तो वेळेआधी पोहोचला होता, पण फाटकाला कुलूप होते. ताईंची बोटे माझ्यावर भराभर धावली. केंद्र हडपसरला हलवले होते. मुख्य साइटवर तो बदल दिसत होता. वेगळ्या साइटवर जुनाच पत्ता राहिला होता.

"रविराज, चूक आमची आहे," ताई म्हणाल्या. "आत्ता रिक्षा कर. रिक्षावाल्यांना फोन दे, मी रस्ता सांगते."

मग त्यांनी दिग्विजय सरांना हाक मारली. सारे ऐकताच सरांचा चेहरा उतरला. ते लगेच मोटारसायकलवरून केंद्राकडे निघाले. ताई फोन कानाला लावून बसल्या.

दुपारी सर परतले. "फाटक बंद करत होते," ते म्हणाले. "मी आडवा उभा राहिलो. म्हटलं, चूक आमच्या कंपनीची आहे, मुलाची नाही, लिहून देतो. तेवढ्यात रिक्षा आली. बसला तो पेपरला."

ताईंनी मोठा श्वास सोडला. "आणि पुढच्या मुलाचं काय, सर?"

"वेगळी साइट आज बंद. मुख्य साइट दुरुस्त करू. तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय काही बाहेर जाणार नाही."

मित्रांनो, त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत आनंदाचे. प्रत्येक बटनाला नाव मिळाले, प्रत्येक चित्राला शब्द मिळाले. ऐकू न येणाऱ्यांसाठी माहितीच्या व्हिडिओखाली मजकूर आला. ज्यांचे हात सावकाश चालतात त्यांना अर्ज भरायला वेळ वाढवून मिळू लागला. तरुण इंजिनिअर वैतागत, "आता काय राहिलं, मॅडम?" असे विचारत. "तुम्हीच करून बघा की," म्हणत ताई त्यांना माझ्यापुढे बसवत. आज त्या अशा कामाच्या मोठ्या विभागाच्या प्रमुख आहेत.

तुमच्यापैकी कुणी उद्या वेबसाइट बनवेल, कुणी ॲप. तेव्हा माझे एवढे ऐका. माउस बाजूला ठेवा, डोळे मिटा आणि संगणकाचा आवाज ऐकत फक्त कीबोर्डवर सारे करून पाहा. मग ज्यांना ती साइट किंवा ते ॲप रोज वापरायचे आहे त्यांना बोलवा आणि मनापासून ऐका. तुम्ही जिथे अडाल, तिथे कुणीतरी आधीपासून थांबलेले असेल.