मिया आणि तुया

दुपारी जेवून आडवा झाला की सेल्सोला ठरलेलं स्वप्न पडायचं. धुक्यातून एक चेंडू खाली येतोय, पिसासारखा सावकाश, आणि खाली सेल्सो दोन्ही हात वर करून उभा. चेंडू येतोय, येतोय, पण हातात काही पडत नाही. मग तो झोपेतच ओरडायचा, "मिया!" आणि स्वयंपाकघरातून बायको, एतेल्विना, म्हणायची, "घे बाबा, तुझाच. कोण मागतंय?"

मिया म्हणजे माझा. गोलकीपरनं ही हाक दिली की आपल्या माणसांनी चेंडू सोडून बाजूला व्हायचं. विल्यारेना गावाच्या संघासाठी सेल्सोनं वीस वर्षं ही हाक दिली. बंदरावर जाळी सांधणाऱ्या बायकांना ती ऐकू जायची. खोटं कशाला बोला, घरीही तीच गत. ताटात शेवटचा सार्डिन मासा उरला की हा काटा रोवून म्हणणार, "मिया!" लग्न झाल्यापासून एतेल्विनाला शेवटचा सार्डिन मिळालेला नव्हता. स्वभावाला औषध नसतं म्हणतात ते काय उगाच?

पुढे गुडघे गेले. क्लबनं त्याला प्रशिक्षक केलं आणि खेळाडू त्याला 'मिस्टर' म्हणू लागले. गोलात नेलो आला. पोरगा चपळ, हात लांब, पण रेषा सोडून पुढे यायला कचरायचा. कचरणार नाही तर काय करेल? कडेला उभा राहून सेल्सोचं चालूच असायचं: थांब, पुढे हो, अरे मी असतो तर धरला असता. त्या बिचाऱ्याला स्वतःचा असा चेंडू कधी मिळालाच नाही.

हंगामाचा शेवटचा सामना आला. बरोबरी झाली तरी संघ वरच्या गटात राहणार होता. हरला तर खाली, आणि सेल्सो घरी. क्लबच्या अध्यक्षबाईंनी तसं तोंडावर सांगितलं होतं. मैदान सोडून सेल्सोला दुसरं जगच नव्हतं.

उत्तरार्धात समुद्रावरून धुकं चढलं. पंच म्हणाले, मला दोन्ही गोल दिसतायत. त्यांचे डोळे त्यांना ठाऊक. खेळाडू मधूनच दिसत, मधूनच विरून जात. लाथेचा आवाज आधी येई आणि चेंडू नंतर दिसे. आपण जागे आहोत की अजून दुपारच्या झोपेतच, हे सेल्सोला कळेना. विल्यारेना एका गोलनं पुढे होतं. तेवढ्यात उजवीकडून चेंडू उंच उडाला, धुक्यात शिरला आणि हळूहळू खाली येऊ लागला. तोच तो, स्वप्नातला.

"मिया!" सेल्सोच्या तोंडून गेलं.

आता याला काय म्हणावं! बचावाला होता दाढीवाला किनो. सेल्सोबरोबर खेळून त्याचे केस पिकलेले. हाक कानावर पडताच तो सवयीनं बाजूला झाला. नेलो रेषेवरच थिजला. मध्ये चेंडू टप्पकन पडला आणि पाहुण्यांच्या एकानं तो आरामात आत ढकलला.

"कोण ओरडलं रे?" किनोनं विचारलं.

"मी नाही," नेलो म्हणाला. मग दोघांनी कडेला बघितलं.

"जित्याची खोड, दुसरं काय," किनो म्हणाला. "सेल्सो, निवृत्त झालायस तू. कुणी सांगितलं नाही का तुला?"

प्रेक्षक हसले. सेल्सोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चेंडू आता आपला नाही, ही गोष्ट त्याला त्या क्षणी पहिल्यांदा कळली आणि भरून आलं. त्यानं डोक्यावरची टोपी काढून दातात धरली, पुन्हा तोंड उघडायला नको म्हणून.

अगदी शेवटी पाहुण्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू वर गेला, नाहीसा झाला. नेलो वर बघतच नव्हता. तो सेल्सोकडे बघत होता, मिस्टर काय सांगतात याची वाट पाहत. सेल्सोच्या घशाशी तीच जुनी हाक आली. ती त्यानं गिळली. टोपी दातातून पडली.

"तुया!" तो ओरडला. "नेलो, तुया!"

तुझा. उभ्या जन्मात न उच्चारलेला शब्द. आवाजही दुसऱ्याच कुणाचा असावा तसा चिरका निघाला. धुकं खाली उतरलं आणि गोल दिसेनासा झाला. मग आतून कुणीतरी मोकळ्या गळ्यानं ओरडलं, "मिया!" आणि पाठोपाठ चेंडू पंज्यांत गच्च बसल्याचा आवाज आला. तो आवाज सेल्सोला डोळे मिटूनही ओळखता आला असता. बरोबरीत सामना संपल्याची शिट्टी वाजली.

संध्याकाळी एतेल्विनानं सार्डिन तळले. दोघं जेवली. शेवटचा एक उरला, तशी ती सवयीनं ताटल्या गोळा करायला लागली. सेल्सोनं तो सार्डिन तिच्यापुढे सरकवला.

"तुया," तो म्हणाला.

एतेल्विनानं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "ताप आहे का रे तुला?"

त्यानं सार्डिन आणखी थोडा पुढे ढकलला. मग ती परत खाली बसली आणि तो सार्डिन तिनं अगदी सावकाश खाल्ला, त्याच्याकडे बघत.