दादाचा कान

आमच्या घरात देवापेक्षा जास्त मान होता तो दादाच्या उजव्या कानाला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गेंडा छाप मोटरसायकलच्या कारखान्याचा मालक. नवं इंजिन जोडून झालं की ते सुरू करायचं, मग दादा लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवणार, मूठ कानाला लावणार आणि डोळे मिटणार. पसंत पडलं तर टाकीवर थाप. नाही पडलं तर न बोलता निघून जाणार, आणि फिटर बिचारे पुन्हा सगळं खोलत बसणार.

माझा धाकटा भाऊ तिथेच इंजिनांचे नकाशे काढायचा. त्याने एक वेगळंच इंजिन केलं, झडपा वरून हलवणारं, खडखड न करणारं. दादाने कान लावला. थाप नाही, निघून जाणंही नाही. तो हसला.

"हे काय रे, शिलाई मशीन? कपडे शिवायचेत का?"

मालक हसला म्हणून फिटरही हसले. धाकट्याने एप्रन काढून खुंटीला अडकवला आणि तो गेला. पुढचं आयुष्य त्याने लोकांचे पाण्याचे पंप दुरुस्त करण्यात घालवलं. "त्याच्याकडे जायचं नाही," असं दादाने मला बजावलं. मी दर आठवड्याला जात राहिले. दोन भावांत ज्याच्याकडे चहा बरा मिळतो त्याचं मी ऐकते.

कारखाना पुढे बंदच पडला. लोकांना आवाज न करणाऱ्या गाड्या आवडायला लागल्या होत्या, पण हे दादाला सांगणार कोण? परवा-परवा एका नव्या मालकाने गेंडा हे नाव विकत घेतलं. दादाने नाव दिलं, पण अट घालून: माझ्या कानाने पास केल्याशिवाय कुठल्याही इंजिनावर गेंडा लागणार नाही. नव्या मालकाला त्यात जाहिरातच दिसली. म्हाताऱ्याचा कान, फोटोला झकास.

आणि इंजिन करायला त्याने नेमली कोण? धाकट्याची मुलगी, माझी भाची. तिने आडनाव लपवलं नाही, आणि कपाटातले बापाचे नकाशेही लपवले नाहीत. दादाने तिचा पहिला नकाशा पाहिला आणि तिथल्या तिथे परत केला. "बापाचंच वळण. हे नापास."

"न ऐकताच?" भाचीने विचारलं.

"मला ऐकायची गरज नाही."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. बूटसुद्धा न काढता खुर्चीत बसली.

"आत्या, मला काकांची थाप हवीय. बाबांच्या इंजिनावर. सगळ्यांसमोर."

"परवानगी हवीय की सूड?"

"परवानगी कंपनीला हवीय."

"बरं. मग मलाही बोलाव."

पुढच्या आठवड्यात तिने सगळ्यांसमोर काकाला डिवचलं. म्हणाली, काका, तुमचं जुनं इंजिन आणि माझं नवं, दोन्ही फळ्यांच्या भिंतीमागे ठेवते. भिंतीतून दोन सळ्या बाहेर येतील. धूर एकाच जातीच्या नळ्यांतून खिडकीबाहेर. तुम्ही नुसता कान लावायचा. ज्याला तुम्ही खरा गेंडा म्हणाल त्याच्यावर नाव लागेल. तुमचं जिंकलं तर माझे नकाशे मी तुमच्या डोळ्यांदेखत फाडते.

दादा एवढा खूश झाला की त्याने मलाच विचारलं, "ऐकलंस ना काय म्हणाली ते?" डोळे बांधले तरी ओळखीन, असं वर म्हणाला. बापाचं काम पोरीकडून फाडून घ्यायचं, याची चव त्याच्या जिभेवर आधीच आली होती.

ठरल्या दिवशी जुन्या कारखान्याच्या मोठ्या खोलीत माणसं दाटली. जुने फिटर आले, विक्रेते आले, नवा मालक कॅमेरावाल्याला घेऊन आला. दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला. धाकटा मात्र आला नाही. त्याला म्हणे एक पंप उघडायचा होता.

भाचीने भिंतीमागे जाऊन दोन्ही इंजिनं सुरू केली. दादाने डावीकडच्या सळीला कान लावला. ओठ वाकडे झाले.

"हे! मेलेलं आहे. काही बोलतच नाही. शिलाई मशीन!"

जुने फिटर हसले. त्यांची ती सवय अजून गेलेली नव्हती.

मग उजवीकडे. डोळे मिटले. चेहरा असा सैल झाला, जणू कुणी पाय चेपतंय. तिथे टाकी नव्हती, म्हणून त्याने भिंतीच्या फळीवरच थाप मारली. एकदा नाही, दोनदा.

"हा माझा गेंडा! ऐका, वरून कसा टकटक करतो. जिवंत आहे. लावा नाव!"

"नक्की, काका?"

"तुझ्या बापालाही सांग, नक्की."

भाचीने फळ्या बाजूला केल्या. उजवीकडे तिचं, म्हणजे धाकट्याचं इंजिन होतं. डावीकडे दादाचं.

हसू कुणालाच आलं नाही. कॅमेरावाला तेवढा एक पाऊल पुढे सरकला.

"फसवलंस!" दादा ओरडला. "तू झडपांचे स्क्रू ढिले केलेस. म्हणून टकटक!"

"केले," भाची म्हणाली. "तुम्हाला ढिल्या स्क्रूचाच आवाज आवडतो, काका. पहिल्यापासून."

"आणि माझं? माझं का गप्प बसलंय?"

"ते तुमच्या माहितीपुस्तिकेत छापलंय तसं घट्ट लावलं. पुस्तिकेवर सही तुमचीच आहे."

दादाच्या कारखान्यात एकही गेंडा कधी पुस्तिकेप्रमाणे जोडला गेला नव्हता. दादाला खडखड ऐकू यावी म्हणून फिटर झडपांचे स्क्रू मुद्दाम ढिले ठेवायचे, म्हणजे थाप लवकर मिळायची आणि घरी जायला मिळायचं. ते सगळे आता बुटांकडे बघत होते. पोरीने पाना घेतला, नवं इंजिन बंद केलं, स्क्रू ठीक लावले आणि पुन्हा सुरू केलं. खोलीत एकदम नीट बोलण्याइतकी शांतता झाली.

दादाने कानाला हात लावला. "डॉक्टर म्हणत होते, या वयात कान..."

पळवाट शोधत होता. मी ती तिथेच बंद केली.

"दादा, धाकट्याला हसलास तेव्हा वय किती होतं रे तुझं? कान तर हाच होता."

नवा मालक घाईने म्हणाला, "पास तर झालं ना? मग नाव लागलं." आणि टाळ्या वाजवायला लागला. दादाने थाप मारलेली होती, तीही कॅमेऱ्यासमोर. ती परत कशी घेणार?

"धाकट्याला बोलाव," दादा हळूच म्हणाला. "मी त्याला सांगतो."

"बाबा येणार नाहीत," भाची म्हणाली. "तुम्ही यायचं. आत्ता."

तिने त्याच जातीचं इंजिन बसवलेली चाचणीची गाडी बाहेर काढली आणि पुढे बसली. दादाने गाड्या बनवल्या, चालवल्या, विकल्या, पण कुणाच्या मागे तो जन्मात बसला नव्हता. पाय कुठे ठेवायचा तेच त्याला सापडेना. त्याच्याच एका जुन्या फिटरने खाली वाकून त्याचा बूट धरला आणि पायदानावर ठेवून दिला.

"घट्ट धरा, काका. नाहीतर पडाल."

त्याने पोरीच्या जाकिटाची कड चिमटीत धरली. गाडी निघाली, आणि इतकी गुपचूप निघाली की फाटकाशी उभ्या विक्रेत्यांचं कुजबुजणं दादाला शब्दन् शब्द ऐकू गेलं असेल.

धाकट्याचं घर फाटकातून डावीकडे, पहिल्याच गल्लीत आहे. भाची उजवीकडे वळली, बाजाराच्या रस्त्याला, जिथे दुकानादुकानांत दादाला ओळखणारी माणसं बसलेली असतात.