सगळ्याला नाही

“वाईट स्वप्नं पडतात का?”

“नाही.”

“झालेला प्रकार सारखा डोळ्यांसमोर…”

“नाही.”

“अरे, प्रश्न तरी पुरा होऊ दे!” सुमनताईंनी पेन टेबलावर आपटलं. एवढ्याशा आवाजानं लाइनवरचा कामगार गणराज खुर्चीत दचकला, आणि दचकलोच नाही असं दाखवायला कॉलर नीट करत बसला.

पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या चाकणच्या त्या प्रेस शॉपचा दवाखाना म्हणजे एक कॉट, एक वजनकाटा आणि भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता. सुमनताई सिस्टर म्हणून तेरा वर्षं तो सांभाळत होत्या. निगडीहून कंपनीच्या बसनं यायचं, डोळ्यात गेलेले पत्र्याचे कण काढायचे, कापलेल्या बोटांना पट्ट्या बांधायच्या आणि पोरांना चार शब्द सुनावून परत लाइनवर पाठवायचं. त्यांची नोकरी कंत्राटी एजन्सीच्या कागदावर होती, पण हे त्यांना स्वतःलाही क्वचितच आठवायचं.

आज पट्ट्या नव्हत्या, फॉर्म होते. तीन आठवड्यांपूर्वी खंडेनवमीला दरवर्षीसारखी मशीनची पूजा झाली. बायकापोरं नटूनथटून आली, प्रेसला झेंडूच्या माळा घातल्या, पेढे वाटले. पत्र्याचा पार्ट कसा निघतो ते मुलांना बघायचं होतं, म्हणून लाइनवरच्या तरुण निरंजननं हौसेनं प्रेस चालू केला. “पप्पा, जाळीतून दिसत नाही ना!” गणराजची आठ वर्षांची दिव्या म्हणाली, आणि गणराजनं प्रेसची पुढची संरक्षक जाळी काढून बाजूला ठेवली. दुसऱ्या का तिसऱ्या ठोक्याला वरची माळ सुटून आत पडली. ती काढायला निरंजननं हात घातला. पुढचं सांगवत नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत सुमनताईंनी दोन्ही हातांनी पंचा आवळून धरला होता, पण वाटेतच पोरगा गेला. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे नऊ मुलं हे बघत उभी होती.

जाळी कुणी काढली ते सुमनताईंनी पाहिलं होतं. त्या कुणापाशी बोलल्या नव्हत्या.

आता शहरातून करिष्मा मॅडम आल्या होत्या, मनाच्या डॉक्टर. फक्त आजचा शनिवार. “मोठ्यांना पाच प्रश्न, तीन ‘हो’ आले की माझ्याकडे पाठवा,” त्यांनी सकाळीच सांगितलं होतं. “मुलांना आठ. चार ‘हो’ आले की त्या मुलाला मी पुढेही बोलावत राहीन. पण पालकाची सही हवी. कागदावर काहीच नसेल तर मला हात लावता येत नाही हो, ताई.” फॉर्म आधी एचआरच्या रणजीत सरांकडे जायचे आणि मग मॅडमकडे. जेवणाच्या सुट्टीपर्यंत चौदा फॉर्म झाले. चौदाच्या चौदा शून्य! मॅडम कॅन्टीनमध्ये रिकाम्या बसल्या होत्या.

असं का होतंय ते सुमनताईंना पक्कं ठाऊक होतं. पाप त्यांचंच होतं. दरवर्षी मेडिकलच्या वेळी कंत्राटी पोरं रांगेत उभी राहिली की याच दारात त्या हळूच सांगायच्या, “चक्कर येते का, फिट येते का, दम लागतो का, सगळ्याला नाही म्हणायचं. एक ‘हो’ म्हणालास की गेटपास बंद.” चांगुलपणानंच सांगायच्या. त्यावर किती घरांच्या चुली चालू राहिल्या होत्या.

“आता दिव्याचा फॉर्म,” त्या म्हणाल्या. “ये गं बाळा. गोळी खाणार?”

लिमलेटची गोळी बघताच दिव्याचे डोळे मोठे झाले. तिनं बापाकडे पाहिलं. “नाही.”

“अगं, हा प्रश्न फॉर्ममधला नाही!”

“नाही,” दिव्या पुन्हा म्हणाली. नजर गोळीवरच होती.

सुमनताईंनी फॉर्म पुढे ओढला. झोप मोडते का? नाही. मोठ्या आवाजानं दचकतेस का? नाही. शाळेत लक्ष लागत नाही असं होतं का? नाही. पोरगी पाढे म्हणावेत तशी उत्तरं देत होती. मग सातवा प्रश्न आला.

“जे झालं ते… माझ्यामुळे झालं, असं वाटतं का?”

खाली मान घालून दिव्यानं फ्रॉकचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. गणराज हलक्यानं खाकरला.

“नाही,” ती म्हणाली.

“दिव्या, जरा बाहेरच्या बाकावर बस बरं.” पोरगी गेल्यावर सुमनताई गणराजकडे वळल्या. “लाज नाही वाटत? लेकराला पढवून आणलंस?”

“ताई, तुमीच तर शिकवलं होतं.”

“ते मेडिकलचं होतं रे! हे तिच्या जिवाचं आहे. खरं सांग, जेवते का ती?”

गणराजचा चेहरा पडला. “कसलं जेवतीय. बीडहून माझी आई आलीय तिच्यासाठी, तरी बोलत नाही. अंथरूण ओलं करायलीय. झेंडूचं फूल दिसलं तरी रडती. मला म्हणती, पप्पा, मी गप बसले असते तर…” त्यानं दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “जाळी मी काढली, ताई. ती लहान हाय, तिला काय कळतंय.”

“मग लिही की ‘हो’! मॅडम बसल्यात तिथं.”

“वरती बघा.” त्यानं फॉर्मच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. “पोरीच्या फॉर्मवर माझा कामावरचा टोकन नंबर हाय. उद्या म्हणतील, घरात असं हाय तर हा मशीनवर कसा चालंल? घरी बसवतील. मग पोरीला काय खाऊ घालू?”

“असं काही होत नाही. मॅडम आपल्या भल्यासाठीच आल्यात,” सुमनताई म्हणाल्या. त्यांनी ड्रॉवरमधून एक कोरा फॉर्म काढला. त्याही त्या दिवशी तिथं होत्या, त्यांनाही भरायचाच होता. “हे बघ, तुझ्यादेखत मी खरं लिहिते.”

स्वप्नं पडतात, हो. अजूनही पंचा पिळताना ते सगळं डोळ्यांसमोर येतं, हो. प्रेस शॉपमधून जायचं टाळून लांबून वळसा घालता का? हो, हो, हो! तेरा वर्षांत त्यांना स्वतःबद्दल कुणी एवढं विचारलं नव्हतं. लिहिता लिहिता डोळे भरून आले. पाचांपैकी चार झाले. “मी हा देऊन येते. मला काही झालं नाही, तर तू दिव्याचा खरा फॉर्म भरायचा. कबूल?”

गणराजनं मान हलवली. “कबूल.”

वीस मिनिटं झाली. गणराज नवा फॉर्म पुढ्यात घेऊन बसला होता. त्यानं झोप मोडते का याच्यापुढे ‘हो’ लिहिलंही होतं. सुमनताईंना एवढं बरं वाटलं की विचारता सोय नाही.

तेवढ्यात रणजीत सर दारात आले. आवाज अगदी मऊ. “ताई, तुमचा फॉर्म पाहिला. अहो, एवढा त्रास होतोय तर बोलायचं नाही का? मॅनेजमेंटला तुमची फार काळजी वाटते. मॅडमना भेटून घ्या, आणि सोमवारपासून आराम करा. एजन्सी दुसरी सिस्टर पाठवतेय.”

“किती दिवस?”

“फिट झाल्यावर बघू की!” असं म्हणून ते हसले आणि गेले.

गणराजनं नव्या फॉर्मची चौघडी करून खिशात घातली. जुना, सगळ्या ‘नाही’चा फॉर्म पुढे ओढला आणि खाली सही केली.

“गणराज, अरे…” सुमनताई उठल्या. पण काय तोंडानं सांगणार होत्या?

“तुमचं वाईट झालं, ताई,” तो म्हणाला. वाकून त्यांच्या पाया पडला आणि बाहेर गेला.

फॉर्म हातात घेऊन सुमनताई खिडकीशी आल्या. गेटपाशी गणराज दिव्याला गाडीवर बसवत होता. जेवणाची सुट्टी संपली होती. शेडमध्ये प्रेस सुरू झाला आणि पहिला ठोका पडला. दिव्यानं अंग चोरून बापाच्या पोटात तोंड खुपसलं. गणराज गाडी चालू करायची सोडून तसाच उभा राहिला. त्यानं दोन्ही तळहातांनी तिचे कान घट्ट झाकले. त्याचे स्वतःचे कान मात्र उघडेच राहिले. दर ठोक्याला त्याचे खांदे उडत होते.

सुमनताईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मोठ्या आवाजानं दचकतेस का? नाही. अक्षर त्यांचंच होतं.