मीठ गेलं कुठे?

मित्रांनो, मी एक जुना मीठमापक आहे. बदलापूरच्या एका खाऱ्या पाण्याच्या जलतरण तलावावर माझी नोकरी. माझं टोक पाण्यात बुडवलं की लिटरमागे किती मिलिग्रॅम मीठ, ते मी आकड्यात सांगतो. मीठ कमी पडलं तर तिथलं यंत्र त्यापासून जंतुनाशक क्लोरीन बनवत नाही, जास्त झालं तर बंदच पडतं. त्यामुळे सगळे माझ्या शब्दावर चालत आणि मीही जरा शेफारलो होतो.

पण तलावात भरलेलं टँकरचं ते जड, क्षारांचं पाणी! काम झाल्यावर मला कोणी धुवत नसे. टोकावर पांढरा थर चढत गेला आणि मी कमी आकडे दाखवू लागलो. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

परवा, मुलांच्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी, मी तेवीसशे दाखवले. हवे होते तीन हजारांच्या वर. व्यवस्थापक देवदत्त साहेबांनी लगेच मिठाच्या चार गोणी आणवल्या. तलावाची देखभाल बुवापाड्याच्या यशोधराताईंकडे. साहेब त्यांच्यावर उखडले, "तुमचं लक्ष कुठे असतं? स्पर्धा बोंबलली तर उद्यापासून येऊ नका."

"सर, आठवडाभर आपण तलावातलं पाणी बाहेर सोडलंच नाही. मग मीठ गेलं कुठे?"

"मीटर काय खोटं बोलतो? टाका मीठ!"

माझा जीव टांगणीला लागला. विरघळलेलं मीठ परत काढता येत नाही. पाव तलाव ओतून द्यावा लागला असता, आणि ऐन मे महिन्यात एवढं पाणी आणणार कुठून? तिकडे पहिल्या गोणीची शिवण उसवलीसुद्धा.

"सर, दोनच मिनिटं."

ताईंनी छोट्या काट्यावर तीन ग्रॅम मीठ मोजलं आणि बाटलीतल्या लिटरभर पिण्याच्या पाण्यात विरघळवलं. आता मी बरोबर तीन हजार दाखवायला हवे होते. दाखवले एकवीसशे! सर्वांदेखत मी खोटा ठरलो. लाज वाटली, पण सुटल्यासारखंही झालं.

मग ताईंनी मला व्हिनेगरमध्ये बुडवलं, मऊ ब्रशने घासलं, स्वच्छ धुतलं. बाटलीत तीन हजार. तलावात तेहतीसशे, अगदी हवे तेवढे! सुई-दोरा मागवून साहेबांनी स्वतः गोणी शिवली.

मित्रांनो, तुमच्या घरीही वजनकाटा, थर्मामीटर असे माझे भाऊबंद असतील. आमच्यावर विश्वास ठेवा, पण आधी आम्हाला धुवा, पुसा, तपासा. आमची चूक आम्हाला सांगता येत नाही, आणि शिक्षा मात्र यशोधराताईंसारख्या माणसांना होते.