चौदा जोड्या

आमच्या चाळीतले चौदा पुरुष मतदानाच्या दिवशी मतदान करत नाहीत, कॅरम खेळतात. आळशी आहेत म्हणून नव्हे. या चौदांचे प्रमुख म्हणजे माझे सासरे तात्या, आणि लोकशाहीवर त्यांची एवढी श्रद्धा आहे की निवडणूक जाहीर झाली की ते रोज दाढी करायला लागतात.

लालबागच्या आमच्या चाळीच्या दोन इमारती, पुढची आणि मागची. फार पूर्वी नळाच्या पाण्यावरून दोन्हींचं वाजलं. पुढच्या इमारतीने शिडी चिन्हाचा पक्ष धरला, म्हणून मागच्या इमारतीने कपाटाचा धरला. यात विचारसरणी वगैरे शोधायला जाऊ नका. लग्न होऊन आले तेव्हा मी शोधली होती. सत्तावीस वर्षांपूर्वी एका मतदानाच्या दिवशी भांडण पेटलं, विटा उडाल्या आणि मागच्या इमारतीतल्या दगडू परबांच्या कपाळाला सात टाके पडले. वीट तात्यांनी मारलेली होती. दगडूकाकांनी पोलिसांना सांगितलं, जिन्यावरून पडलो.

दगडूकाकांचा भाऊ गणपत हा गिरणीत तात्यांच्या शेजारच्या मागावर होता. आठ दिवसांनी तात्या त्याच्याकडे एक हिशेब घेऊन गेले. तुझं मत कपाटाला, माझं शिडीला. दोन्ही पडली काय नि दोन्ही राहिली काय, फरक तोच. मग आपण दोघांनी मत द्यायचंच नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सहा समोरासमोर बसून कॅरम खेळायचा, आणि सहा वाजता एकमेकांना डाव्या हाताचं बोट दाखवायचं. शाई नसली की झालं.

गणपतकाकांना ते पटलं. मग सगळ्या चाळीला पटलं. पुढचा एक, मागचा एक, अशा एकतीस जोड्या लागल्या आणि तात्यांनी त्यांची वही केली. मी जिवंत आहे तोवर या जोड्या मोडणार नाहीत, असं ते दगडूकाकांच्या समोर उभं राहून म्हणाले. त्यानंतर चाळीत निवडणुकीवरून कुणाचं बोटसुद्धा दुखावलेलं नाही, हे मान्य करायला हवं. जोडीदार वारला की उरलेल्याला मतदानाची मोकळीक मिळते. त्यामुळे आमच्याकडे पुरुषाच्या बोटाला शाई दिसली की लोक हळू आवाजात बोलतात. बायकांना जोडीत घेतलं नव्हतं, कारण मग कॅरमवाल्यांना जेवायला कोण घालणार? म्हणून चाळीतल्या बायका पहिल्यापासून नेमाने मतदान करतात.

आठ वर्षांपूर्वी मागची इमारत धोकादायक ठरली. तिथल्या लोकांना सायनच्या पलीकडे संक्रमण शिबिरात हलवलं, इमारत पाडली आणि नवीन जोत्यापर्यंत येऊन थांबली. दोन वर्षांत परत येणार होते. अजून तिथेच आहेत. लालबागहून शिबिर पाऊण तासावर आहे, पण आमच्या इमारतीतलं कुणी एरवी तिकडे फिरकत नाही. गुडघे दुखतात, नातवंडांची शाळा असते, पुढच्या रविवारी जाऊ असं ठरतं. मतदानाच्या दिवशी मात्र चौदाच्या चौदा जण टेम्पो करून जातात.

या वेळची निवडणूक तात्यांसाठी वेगळी होती. शिडीवाल्यांचे मोठे साहेब पहिल्यांदाच पंतप्रधान होतील असं दिसत होतं. संपाच्या काळात गिरणीच्या गेटवर साहेबांची सभा झाली होती, आणि भाषण करून घसा बसल्यावर त्यांनी तात्यांच्या हातून पाण्याचा तांब्या घेतला होता. तो तांब्या आमच्या घरात आहे. त्याने पाणी प्यायला आम्हाला मनाई आहे. साहेबांना शपथ घेताना बघितलं की मी मोकळा, असं तात्या वर्षभर म्हणत होते, आणि शपथविधी नीट दिसावा म्हणून त्यांनी माझ्या नवऱ्याला, निलेशला, मोठा टीव्ही घ्यायला लावला होता. आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत तो टीव्ही बघायचा तर गॅलरीत बसावं लागतं.

मतदानाच्या दिवशी मी सकाळीच मत देऊन आले. तात्या रक्तदाबाची गोळी विसरून टेम्पोत चढले होते, म्हणून दुपारी ती घेऊन शिबिरात गेले. पत्र्याच्या शेडखाली कॅरमचे बोर्ड मांडले होते. काही जोड्या खेळत होत्या, काही पत्ते कुटत होत्या, एक जोडी मान टाकून झोपली होती. तीही नियमात बसते. गणपतकाकांची बायको अंबिकाकाकी सगळ्यांना घावणे वाढत होती. माझ्या हातात बशी देताना तिच्या बोटाची शाई दिसली.

"काकी, लालबागला जाऊन आलीस पण इतक्यात?" मी विचारलं.

"लालबागला कशाला? ह्या काय, मागच्या शाळेत. गेल्या वर्षी माणूस इल्लो ना फॉर्म घेऊन. सगळ्यांची नावं हयसर घातली."

"सगळ्यांची?"

"ह्यांचापण."

मी घावणा खाऊन संपवला, कारण गरम होता. मग तात्यांना नळापाशी बोलावून गोळी दिली आणि काय ऐकलं ते सांगितलं. तात्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

"इथे दिलं काय, तिथे दिलं काय, मत ते मत. शेवटी दिल्लीलाच जाणार ना?"

तेव्हा मला कळलं की तात्यांच्या डोक्यात निवडणूक म्हणजे एक भलंमोठं पोतं आहे. देशभरातली मतं त्यात ओतायची, हलवायची, ज्याची जास्त त्याचा पंतप्रधान. सत्तावीस वर्षं, आधी एकतीस आणि आता चौदा जोड्या या पोत्यावर चालल्या होत्या.

"तात्या, पोतं नसतं," मी म्हटलं. "पाचशे त्रेचाळीस डबे असतात. आपला डबा वेगळा, इथला वेगळा. प्रत्येक डब्यातून एकच खासदार निघतो, आणि ज्याच्याकडे जास्त खासदार त्याचे साहेब दिल्लीत बसतात. पंतप्रधानाला आपण मत देतच नाही. डब्याला देतो."

"मग?"

"मग एका डब्यातली दोन मतं एकमेकांना कापतात. तुमचं आपल्या डब्यातलं आणि गणपतकाकांचं इथलं, ती कशी कापणार? इथे कपाट लाखभर मतांनी येणार हे पोरंसुद्धा सांगतील. काकांनी मत दिलं नाही तर कपाटाचं काही जात नाही. आपल्याकडे घासून आहे. तुम्ही चौदा जण इथे बसलात, तर शिडीची चौदा मतं नुसती गेली. समोरून एकही गेलं नाही."

तात्यांनी नळाकडे बघितलं. नळ बंद होता.

"किती वाजले?"

"तीन वीस. सहापर्यंत आहे. टेम्पो उभाच आहे."

ते गणपतकाकांच्या बोर्डापाशी गेले. मी मागे उभी राहिले. त्यांनी हळूच विचारलं, "गणपत, तुझं नाव इकडे आलंय?"

गणपतकाकांनी स्ट्रायकर खाली ठेवला. "होय."

"तुला ठाऊक होतं? डबे वेगळे झाले ते?"

"राकेशान सांगितल्यान माका, फॉर्म भरताना." राकेश म्हणजे त्यांचा मुलगा. "माका म्हणालो, बाबा, तुमची जोडी आता कामाची नाय."

"मग बोलला नाहीस?"

"बोललो असतंय तर तू इलो असतस आज?"

तात्यांनी बोर्डाच्या कडेची एक सोंगटी उचलली.

"आठ वर्सां झाली रे," गणपतकाका म्हणाले. "दिवाळीक कोण नाय, गणपतीक कोण नाय. दगडू गेलो तेव्हा तुम्ही मसणात इलात नि थयसून परत गेलात. ह्यो एक दिवस सगळे येतात. तो पण घालवू?"

मग म्हणाले, "जा तू. पोरांका घेऊन जा. माझो राग नाय."

पोरं म्हणजे बाकीचे तेरा. त्यातला सगळ्यात धाकटा त्रेसष्टचा होता.

मी तात्यांच्या तोंडाकडे बघत होते. एक वाक्य बोलायचं होतं. उठा रे, टेम्पोत बसा, एवढंच. तेराही जण उठले असते, कारण त्यांनाही साहेब हवे होते. आणि मी खरं सांगते, मलाही हवे होते. मी मनात म्हणत होते, बोला तात्या, बोला. तांब्या आठवा.

तात्या खाली बसले. बोर्डावर पावडर टाकली, पंजाने पसरली आणि म्हणाले, "स्ट्राइक कोणाची?"

मला संताप आला. स्वतःचं मत त्यांनी खुशाल सोडावं, पण बाकीच्या तेरांना काही न सांगता त्यांचंही सोडून दिलं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटलेलं नाही. मी त्यांना पुन्हा बाजूला बोलावलं. ते आले नाहीत. तिथूनच म्हणाले, "मेघना, सात टाके होते. तू मोजले नव्हतेस, मी मोजले होते." मीसुद्धा त्या तेरांना सांगू शकले असते. माझा आवाज चांगला मोठा आहे. मी बशा उचलल्या आणि घासायला घेतल्या.

पाच वाजता गणपतकाका लघवीला जातो म्हणून उठले आणि अर्ध्या तासाने आले. सहाला नेहमीप्रमाणे सगळ्यांनी बोटं दाखवली. तेरा जोड्यांची बोटं स्वच्छ होती. गणपतकाकांच्या बोटावर ताजी शाई होती.

सगळ्या शेडमध्ये गलका झाला. सत्तावीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तात्या उभे राहिले.

"मी इथे बसलो. आणि तू जाऊन मत दिलंस?"

"शिडीक दिलंय," गणपतकाका हळूच म्हणाले. ते तात्यांना आणि मागे उभ्या असलेल्या मलाच ऐकू गेलं.

"काय?"

"तुझा गेला ना माझ्यामुळे. म्हणून माझा तुका दिलंय."

तात्यांना अडीच तासांपूर्वीच मतदारसंघ कळला होता, त्यामुळे ते लगेच दबक्या आवाजात म्हणाले, "अरे, पण इथे शिडीला देऊन उपयोग काय? इथे शिडी पडणारच!"

"माका ठाऊक आसा," गणपतकाका म्हणाले. "पण माझ्याकडे दुसरा मत खय होता?"

येताना टेम्पोत तात्या पुढे बसले आणि लालबाग येईपर्यंत मागे वळले नाहीत. बाकीचे तेरा जण गणपतने गद्दारी केली यावर एकमताने बोलत होते. त्यांना कुणी खरं काय ते सांगितलं नाही.

निकालाच्या दिवशी आमच्या मतदारसंघात दोनदा मोजणी झाली. शिडीचा उमेदवार अकरा मतांनी पडला.

देशात शिडीच्या आघाडीला दोनशे एकाहत्तर जागा मिळाल्या, कपाटाच्या आघाडीलाही दोनशे एकाहत्तर. उरलेला एक अपक्ष दोन दिवस हॉटेलात राहिला आणि कपाटाकडे गेला. सगळ्या देशाची मतं एकत्र केली तर शिडीची सतरा लाख जास्त होती, असं पेपरात आलं. म्हणजे तात्यांचं पोतं असतं तर साहेब जिंकले होते. टीव्हीवर चार दिवस तज्ज्ञ बसून साहेब का हरले ते सांगत होते. महागाई, तरुणांचा कल, प्रचारातल्या चुका. कॅरमचं नाव कुणी घेतलं नाही.

चौदातून अकरा गेले, राहिले तीन. आमची जागा तीन मतांनी आली असती, आणि दिल्लीतली दोनशे बहात्तर झाली असती. हा हिशेब मी चाळीत कुणालाही सांगितलेला नाही. निलेशलासुद्धा नाही. तात्यांना सांगायची गरज नव्हती.

शपथविधीच्या दिवशी मी मुद्दाम टीव्ही लावला नाही. तात्यांनीच लावायला सांगितला. कपाटवाल्यांचे नवे पंतप्रधान मोठ्या पडद्यावर खूपच मोठे दिसत होते. तात्या गॅलरीत खुर्चीवर बसले होते, पण त्यांच्या मांडीवर निकालाच्या दिवशीचा पेपर होता आणि बोट शिबिराच्या मतदारसंघाच्या रकान्यावरून फिरत होतं. तिथे शिडीचा उमेदवार एक लाख चाळीस हजारांनी आपटला होता. त्याला मिळालेली मतं, दोन लाख सहा हजार चारशे सत्याऐंशी.

"मेघना, कात्री दे," ते म्हणाले.

त्यांनी तो आकडा कापला, जोड्यांच्या वहीत स्वतःच्या आणि गणपतकाकांच्या नावासमोर चिकटवला आणि त्यातल्या शेवटच्या सातावर पेनाने गोल केला.

"हे गणपतचं," ते म्हणाले.

मग टीव्ही बंद करायला सांगितला, कपाटातून तांब्या काढला, पिशवीत घातला आणि चपला शोधायला लागले. कुठे निघालात, असं मी विचारलं. शिबिरात, म्हणाले. त्या दिवशी शुक्रवार होता, आणि पुढची निवडणूक पाच वर्षांनी होती.