पोथीची तृतीया विभक्ती

आष्टीच्या बाजाराच्या मैदानावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सत्त्याण्णव सालचा पौष, थंडी मरणाची, आणि लोक पहाटेपासून रांगेत उभे. कशासाठी? तर पोथीला कान लावायला!

मांडवात चौरंग, चौरंगावर लाल वस्त्रात गुंडाळलेली जाडजूड पोथी. तिला कान टेकवला की आतून ऋषींचा आवाज येतो म्हणे, आणि तोही संस्कृतात. शेजारी वेदवाणी महाराज बसलेले, लालबुंद, खाऊनपिऊन सुखी. त्यांचा उजवा पाय वातानं आखडलेला, म्हणून तो चौरंगावरून लोंबणाऱ्या वस्त्राखाली पसरलेला. जगाचे रोग बरे करणाऱ्या माणसाला स्वतःचा वात बरा करता येत नाही, हे त्या गर्दीत एकालाही खटकलं नाही. अकला घरी ठेवूनच आले होते सगळे.

मी तिथल्या एका शाळेत संस्कृत शिकवत होते. या तमाशाकडे मी फिरकलेही नसते, पण आमच्या पाचवीतली रक्षा शाळेच्या नळाजवळ फिट येऊन कोसळली. कपाळ फुटलं, दात जिभेत रुतले. ती शुद्धीवर येईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. वर्ध्याच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिच्या फिट्स केव्हाच थांबल्या होत्या. मग आज हे काय?

मी तशीच तिच्या वडिलांच्या किराणा दुकानात गेले. मोतीलालजी गूळ तोलत होते.

"रक्षाच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"बंद केल्या, बाई. पोथीनंच सांगतलं, गोळ्या म्हंजे जहर. वनभस्म देऊन राह्यलो आता."

"पोथीनं सांगितलं? कोणत्या भाषेत?"

"संस्कृतात. सोताच्या कानानं आयकलं मी!"

"तुम्हाला संस्कृत समजतं?"

"मले कुठचं समजते? महाराज अर्थ सांगते ना!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "पोरीचं कपाळ फुटलं आज. उद्या विहिरीच्या काठावर फिट आली तर?"

त्यांचा चेहरा उतरला, पण हेका सुटला नाही. "वेद काऊन खोटं बोलन, बाई?"

"चला," मी म्हटलं. "मलाही ऐकायचाय तुमचा वेद."

मांडवाच्या दाराशी पाटी होती: 'शाळकरी मुलांना पोथीजवळ मनाई. वेदांचे तेज कोवळ्या कानांना सोसत नाही.' वा रे तेज! मोतीलालजी सोबत असल्यानं आम्हाला पुढं सोडलं. महाराजांनी डोळे मिटले. "बेटी, यह हजारों साल की वाणी आहे. शंका बाहेर ठेव, श्रद्धा घेऊन ये."

मी कान टेकवला. वस्त्राखाली काहीतरी खट् वाजलं आणि आवाज आला, खर्जातला, संथ: "वनम्, वने, वनानि. वनम्, वने, वनानि. वनेन, वनाभ्याम्, वनैः."

पुन्हा खट्. शांतता.

महाराज लगेच गरजले, "ऐकलंस? वन, वन, वन! ऋषी म्हणतात, वनात जा, वनाचं भस्म घ्या, डॉक्टरचं जहर फेका!"

मला आधी हसू फुटलं आणि पाठोपाठ असा संताप आला की कानशिलं तापली. अहो, हा वेद नव्हता, हा आठवीचा गृहपाठ होता! जंगल, दोन जंगलं, पुष्कळ जंगलं. जंगलानं, दोन जंगलांनी, पुष्कळ जंगलांनी. तेज मुलांना सोसत नव्हतं म्हणे! मुलांनी ते ओळखलं असतं, म्हणून मनाई.

"मोतीलालजी, तुम्ही कान लावा. महाराज, पुढचं होऊ द्या. ऋषी काय बोलणार ते मी आधीच सांगते: वनाय, वनाभ्याम्, वनेभ्यः."

रांगेसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. खट् झालं. मोतीलालजींचे डोळे विस्फारले. "बाप्पा! तेच बोलली पोथी! शब्दाले शब्द!"

"आता पंचमी: वनात्, वनाभ्याम्, वनेभ्यः."

"तेच! तेच!"

वाटलं, आता तरी यांची ट्यूब पेटेल. कशाची पेटते! मागून एक बाई ओरडली, "बाईच्या अंगात वेद आला वो!" आणि चारपाच जण धाडधाड माझ्याच पाया पडले. कपाळाला हात मारून घेतला मी. मग ते लाल वस्त्र धरलं आणि हिसडलं.

पोथीच्या पानांना मधोमध भोक, त्या भोकात स्पीकर. चौरंगाखाली सेलवर चालणारा टेपरेकॉर्डर. आणि त्याच्या बटणावर महाराजांचा आखडलेला पाय, म्हणजे अंगठा! मी बटण दाबलं आणि आवाज पूर्ण वाढवला. ऋषी मांडवभर बोलले: "वनस्य, वनयोः, वनानाम्. वने, वनयोः, वनेषु. शाब्बास! मुलांनो, आता सगळे मिळून म्हणा!"

मागच्या रांगेतल्या दोघांनी म्हटलंसुद्धा.

महाराजांचा वात क्षणात पळाला, त्यामागोमाग महाराजही. लोकांनी त्यांना रस्त्यावर धरलं आणि पोलीस ठाण्यात नेलं. मोतीलालजी मात्र चौरंगाजवळच बसून होते.

"मले काय मालूम, बाई? मी संस्कृत शिकलोच नाई."

"शिकला नाहीत यात लाज नाही. पण जे समजलं नाही त्याचा अर्थ विचारायचा की त्याच्या पाया पडायचं? उपनिषदांमध्ये शिष्य गुरूपाशी बसतो तो प्रश्न विचारायला. पोरं तिथं साक्षात मृत्यूला प्रश्न विचारतात, आणि तुम्हाला एका टेपरेकॉर्डरला विचारवला नाही!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही तडक त्यांच्या घरी गेलो. रक्षा कपाळाला पट्टी बांधून बसली होती. मी म्हटलं, उद्या सकाळीच वर्ध्याला डॉक्टरांना दाखवा, बंद पडलेलं औषध कसं सुरू करायचं ते तेच सांगतील. मोतीलालजींनी मान डोलावली आणि कपाटातून गोळ्यांचं पाकीट काढून सोबत न्यायला पिशवीत ठेवलं.

रक्षानं विचारलं, "बाबा, हे गोळी काऊन खायची? काय करते ते?"

"चूप! डॉक्टरसायबानं देल्ली म्हंजे खायची!"

"मोतीलालजी," मी म्हटलं, "तिला गप्प करू नका."

ते ओशाळले. मग पोरीजवळ खाली बसले आणि म्हणाले, "मले बी नाई मालूम, बेटा. उद्या आपुन दोघं मिळून डॉक्टरले इचारू."